चिरोडी आणि पाण्याची वाट

फाल्गुन वद्य पंचमी. सकाळी आभाळ स्वच्छ, दुपारी झळा, संध्याकाळी पश्चिमेचा कोरडा वारा. दव मुळीच नाही.

मुलांनो, त्या दिवशी एक सायाळ डोंगर उतरून ओढ्याच्या वळणावर राहायला आली. सायाळ म्हणजे अंगभर काटे असलेले आणि कंदमुळे उकरून खाणारे जनावर. कुणी तिला साळिंदर म्हणतात. डोंगरावर वणवा लागला होता. नवे बीळ तिने कुठेही खणले असते, पण बिळाभोवतीचे सगळे कंद जमिनीतल्या जमिनीत भाजून गेले होते. पावसाळ्यात तिला पिल्लू होणार होते. त्याला खायला घालायचे, तर जमीन हवी होती.

त्या रानाची एक रीत होती. प्रत्येक जनावराला जमिनीचा एक वाटा मिळे. पावसाळा सरून खुळखुळ्याच्या शेंगा वाळल्या आणि वाऱ्यावर वाजू लागल्या, की थोरला गवा फेरीला निघे. ज्याचा वाटा, त्याने त्यात उगवलेले काहीतरी गव्यापुढे ठेवायचे. गवा ते खाऊन पुढे जाई. ज्याला काहीच ठेवता आले नाही, त्याने वाटा सोडायचा, आणि मग तो मागणाऱ्याला मिळे.

ओढ्याच्या वळणावरचा वाटा तेवढा रिकामा होता; तोच सायाळीने पुढच्या फेरीपर्यंत मागून घेतला. तो रिकामा का, ते सायाळीला पहिल्याच दिवशी कळले. जमीन काळी होती, दिसायला कसदार होती, पण पंजा मारला तर नख वाकत होते. वर कडक पापुद्रा आणि पायाएवढ्या भेगा.

"उकरतेस होय?" मागून आवाज आला. एक दांडगा रानडुक्कर करंजाच्या सावलीत उभा होता. "उकर बाई, उकर. नखं झिजली तर काटे आहेतच."

"तुम्ही कोण, भाऊजी?"

"शेजारी. आणि पुढच्या वर्षी या जागेचा मालक. गव्याला सांगून ठेवलंय मी. इथं काही पिकत नाही. भिजली की जमीन अशी चिकटते, की उंदीर आत गेला तर शेपटी तिथंच ठेवून बाहेर येतो. पण लोळायला? असा चिखल अख्ख्या रानात नाही."

"पीक आलं तर?"

"आलं तर मी तुझ्या दारात येऊन नाचेन," डुक्कर म्हणाला आणि सावलीत आडवा झाला.

सायाळ भेगांकडे बघू लागली. ती डोंगरावर वाढली होती. डोंगरावरची माती भुसभुशीत, वाळूमिश्रित. तिथे काहीही खुपसा, धरते. तिला वाटले, इथे वाळूच कमी आहे, तर घालू. ओढ्यातली वाळू तिने तोंडाने, पंजांनी, पोटाखाली ढकलत आणली आणि भेगांमध्ये भरली. चैत्रात वळवाची एक जोरदार सर आली. चिकणमाती आणि वाळू एकमेकांत मुरली, वर ऊन पडले, आणि सगळा तुकडा भाजलेल्या विटेसारखा झाला. डुकराने खुराने ठोकून पाहिले. टणटण वाजले.

"घर बांध यावर," तो म्हणाला. "पाया तयार आहे."

सायाळीने वाळूचा वरचा थर फोडून काढला. आणली तशी ती परत ओढ्यात नेऊन टाकली. या कामात चैत्र संपला.

पण त्या खेपांमध्ये तिने एक गोष्ट पाहिली. काठावरून तिच्या जमिनीचे एखादे ढेकूळ पाण्यात पडले, की विरघळून पाणी दुधासारखे गढूळ होई, आणि खूप वेळ बघत बसले तरी गाळ खाली बसत नसे. ओढ्याच्या वरच्या अंगाला एक उतरती दरड होती. तिथली मातीही तशीच काळी, तशीच चिकण. पण तिथले ढेकूळ पाण्यात पडले तर फुटून तळाशी जाई आणि वरचे पाणी नितळ राही. त्या दरडीखाली हरळी दाट माजली होती. "माती एकच, मग तिथं गवत का?" हा प्रश्न सायाळीच्या डोक्यातून जाईना. ती दरडीवर चढली.

दरडीच्या पोटात पांढऱ्या, चमकदार दगडाचे पापुद्रे होते. माणसे त्याला चिरोडी म्हणतात, बाजारात जिप्सम म्हणतात. दगड कसला, नखाने ओरखडा उठेल इतका मऊ. त्याचा भुगा पावसाने खाली उतरून त्या मातीत मिसळला होता.

सायाळीने एक तुकडा तोंडात धरला तोच डोक्यावर कलकलाट झाला.

"ठेव. ठेव आधी खाली. कुणाला विचारून उचललास?" एक टिटवी तिच्या नाकासमोर गरगरत होती.

"दगड आहे गं, टिटवीताई."

"तुला दगड. माझी अंडी आहेत त्या दगडांत. पांढऱ्यात मिसळतात म्हणून तर इथं घालते. तू दगड नेलास, की ती उघडी पडली."

"कुठली अंडी?"

"दिसली का? नाही ना? म्हणूनच."

सायाळ थोडी मागे सरली. "मग खाली घरंगळलेले नेऊ?"

टिटवी एका पायावर उभी राहून विचार करू लागली. "ते ने. वरच्याला हात लावायचा नाही. पिल्लं पळायला लागली, की मग वरचाही ने. आणि पाय जपून टाक, तुझ्या बुडाला किती काटे आहेत ते तुला दिसत नाही, मला दिसतात."

सायाळ तसेच वागली. तिला घाई होती, तरी वरचा एकही तुकडा तिने हलवला नाही. खालचे तुकडे वाट्यात नेऊन ती दातांनी कुरतडून त्यांचा भुगा करी. सायाळीला हाडे कुरतडायची सवय असतेच; हे काम तिच्या दातांना मानवले. वैशाखात टिटवीची पिल्ले काडीसारख्या पायांवर पळू लागली, तेव्हा वरचे तुकडेही मिळाले. पावसाआधी वाट्याचा बहुतेक भाग पांढरा झाला. एका कोपऱ्यापुरता भुगा मात्र उरला नाही.

"पीठ पेरतेस काय गं?" डुकराने विचारले. "भाकरी उगवतील का?"

"बघू," सायाळ म्हणाली.

ज्येष्ठात पाऊस सुरू झाला. सायाळ रोज सकाळी जाऊन पाहायची. वाट्यात पाणी साचले होते आणि ते हलत नव्हते. ओढ्याच्या बाजूला पुराच्या गाळाची एक उंच कड झाली होती. तिच्यामुळे सगळा तुकडा परातीसारखा भरला होता. मधोमध डुक्कर पसरला होता. फक्त नाक आणि एक कान वर.

"सायाळबाई," नाक म्हणाले, "तुझ्या पिठाने चिखल आणखी मऊ झालाय. उपकार झाले."

त्या दिवशी सायाळ पहिल्यांदा खचली. दात झिजले होते, पोट जड झाले होते, आणि पाण्याखालची माती पूर्वीसारखीच चिकट होती. ती भर पावसात दरडीकडे निघाली. का, ते तिलाही नीट सांगता आले नसते. चिरोडी तीच, माती तीच, मग चुकले कुठे, एवढेच तिला पाहायचे होते.

टिटवी एका दगडाआड भिजत उभी होती. "आता आणखी काय नेतेस? मी राहिलेय तेवढी."

"काही नेत नाही. बघायला आलेय."

"पावसात काय बघायचंय? पाणी येतं आणि जातं."

सायाळ खाली वाकली. दरडीवर पडलेले पाणी मातीत मुरत होते आणि पायथ्याशी बारीक बारीक झऱ्यांनी बाहेर पडत होते. तिने एका झऱ्याला जीभ लावली. खारट. दुसऱ्याला लावली. खारट. जो खार मातीला चिकट करून ठेवत होता, तो चिरोडीने सोडवला होता आणि पाणी त्याला उतारावरून घेऊन चालले होते. तिच्या वाट्यातही चिरोडीने खार सोडवला असेल. पण तो जाणार कुठे? परातीतच बसला होता.

मुलांनो, ही चूक डोंगरावरचेच जनावर करते. डोंगरावर पाणी आपल्या पायांनी निघून जाते. त्याला वाट करून द्यायची असते, हे सायाळीला तोवर कुणी शिकवले नव्हते आणि गरजही पडली नव्हती.

"येतं आणि जातं," ती स्वतःशी म्हणाली आणि मागे वळली.

तिने गाळाची कड फोडायला घेतली. वाट्यापासून ओढ्याकडे एक चर, आणि चराच्या शेवटी, ओढ्याच्या अलीकडे, एक खोल खळगा. म्हणजे पाणी एकदम सुटून काठ खचायला नको. पाणी खळखळ करून निघाले, तसा डुकराचा कान उभा राहिला.

"ए, माझं पाणी कुठं चाललंय?"

"पाणी तुमचं असेल, भाऊजी. वाटा फेरीपर्यंत माझा आहे."

डुक्कर उठला, चराच्या तोंडाशी आला आणि तिथेच बूच मारल्यासारखा बसला. "आता ने," तो म्हणाला.

सायाळीने काटे फुलवले नाहीत. तिने डुकराच्या पाठीला वळसा घालून खणायला सुरुवात केली. डुक्कर तिकडे सरकला, की ती इकडे खणे; इकडे सरकला, की तिकडे.

"दमत नाहीस का गं?"

"दमते."

"मग?"

"दमून पण खणता येतं."

दोन्ही बाजूंनी पाणी निघून गेले. पावसाने उघडीप दिली, ऊन पडले. डुक्कर तसाच बसून होता. त्याच्या अंगावरचा चिखल वाळला आणि खाज सुटली. खाली खळग्यात मात्र पाणी तुडुंब भरले होते. डुक्कर खळग्याकडे बघे, सायाळीकडे बघे आणि बसून राही. शेवटी माशा आल्या, तेव्हा तो उठला.

"मी हरलो म्हणून जात नाहीये," तो म्हणाला. "पाणी जिकडे, तिकडे मी." आणि खळग्यात जाऊन त्याने नाकापर्यंत अंग टाकले.

आषाढभर पाऊस पडत राहिला. पाणी वाट्यात मुरे, चरात उतरे, खळग्यातून ओढ्याला मिळे. चर बुजला, की सायाळ उपसे. रोज ती चराचे पाणी चाखून पाही. आधी खारट लागे, मग मचूळ, आणि श्रावण लागला तेव्हा नुसते पाण्यासारखे. मग तिने वाट्यातले एक ढेकूळ उचलून डबक्यात टाकले आणि बसून राहिली. ढेकूळ फुटले, तळाशी गेले. वरचे पाणी नितळ झाले.

त्याच आठवड्यात तिला पिल्लू झाले. दुसऱ्या दिवशी ती बिळातून बाहेर आली आणि दूरच्या शेताच्या बांधावरून रताळ्याचे वेल तोडून आणून तिने वाट्यात लावले. भुगा न पोचलेल्या कोपऱ्यातही लावले.

"उशीर झालाय," टिटवी वरून म्हणाली. "श्रावणात कुणी लावतं का?"

"झालाय खरा," सायाळ म्हणाली आणि पुढचा वेल मातीत दाबला.

मार्गशीर्षात खुळखुळ्याच्या शेंगा वाजू लागल्या. गवा आला. त्याच्या मागून, काही कामानिमित्त आल्यासारखा, डुक्कर आला. पिल्लू सायाळीच्या काट्यांआड उभे राहिले. त्याचे स्वतःचे काटे अजून मऊ होते.

"वळणाचा वाटा," गवा म्हणाला. "या जागेवर मी आजवर काही खाल्लेलं नाही. काय ठेवतेस?"

"खणून देते, दादा."

तिने जवळचा वेल उपटला. पाने हिरवीगार, खाली नुसत्या मुळ्या. डुकराने घसा साफ केला. तिने दुसरा उपटला. त्यालाही मुळ्याच.

"ताई, वेल खाऊन चालेल का बघ," डुक्कर हळूच म्हणाला. त्यात टोमणा किती आणि काळजी किती, ते सांगता आले नसते.

"उगवलं ते जमिनीत असलं पाहिजे की वर, हे रीत सांगत नाही," गवा म्हणाला. "पाला ठेवलास तरी मी खाईन."

"थांबा," सायाळ म्हणाली. "मी रताळं लावलंय."

ती ओढ्याच्या बाजूला, चराच्या तोंडाशी गेली. तिथे चिरोडी सर्वांत जाड पडली होती आणि पाणी सर्वांत आधी उतरले होते. तिने पंजा घातला. पंजा मनगटापर्यंत आत गेला. माती बोटांमधून सुटी होऊन पडली. ती खणत गेली.

एक रताळे निघाले, सायाळीच्या पंजाएवढे. गव्याने ते मातीसकट खाल्ले आणि तो पुढच्या वाट्याकडे गेला. वळणाचा वाटा सायाळीकडे राहिला. त्या हंगामात त्यातून आणखी सात रताळी निघाली. ज्या कोपऱ्यात चिरोडी पोचली नव्हती, तिथले वेल वाळले. खळगा डुकराला मिळाला.

तात्पर्य : सुधारायचे असेल, तर चांगले ते आत घालून भागत नाही, नको ते बाहेर जायला वाटही खणावी लागते.