डावा खांदा

फार दिवस झाले, एका कपाटात म्हाताऱ्या कॅमेऱ्याशेजारी एक नवा कॅमेरा येऊन बसला. दुसऱ्या दिवशी घरातल्या मृण्मयीचा शाळेतला शेवटचा खो-खो सामना होता. सूर मारतानाचा तिचा फोटो म्हाताऱ्याला कधीच जमला नव्हता. तो टिपेपर्यंत पोरगी उठून उभी असायची.

"आजोबा, तुम्ही आपली बारशी काढा," नवा हसला. "मी सेकंदाला वीस फोटो काढतो!"

म्हातारा दचकला, दुखावलाही. पण उद्या तो फोटो यायलाच हवा होता. "काढ. सूर मारण्याआधी ती डावा खांदा झुकवते. तेव्हाच सुरू हो."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"सहा वर्षं चुकत चुकत पाहिलंय, बाळा."

सामन्याच्या फोटोत मृण्मयी हवेत होती. घरी येताच नवा म्हाताऱ्याजवळ सरकला. "आजोबा, आता मृण्मयीच्या बाबांचं सांगा. हसण्याआधी ते काय करतात?"