चाकं माझी, साटा तुमचा

खूप खूप जुन्या काळी, घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात दोन जुन्या बैलगाड्या होत्या. एक रखमाजीची, दुसरी भिवाजीची. दोघे व्याही. रखमाजीची लेक सगुणा ही भिवाजीची सून.

रखमाजीची गाडी हलकी, उंच चाकांची. सकाळी निघाली की दुपारच्या आत ती घाट चढून जाई. भिवाजीची गाडी जडशीळ, पण तिच्यातून नेलेलं मडकं कधी फुटलं नव्हतं. रोज पारावर दोघांची जुंपायची.

"तुमची गाडी पळती, पर मानसाची हाडं खिळखिळी करती," भिवाजी म्हणायचा.

"आन् तुमची पोचती तवर वऱ्हाड जेवून उठतं!" रखमाजी म्हणायचा.

गाव हसायचं. चाकं वितींनी मोजून झाली, ओझी तोलून झाली, निकाल काही लागला नाही. खरं सांगायचं तर तो कोणाला हवाच नव्हता.

एका सकाळी गवत कापताना सगुणाला साप चावला. नवरा परमुलखात. विष उतरवणारा वैद्य घाटापलीकडे. दोन्ही व्याही आपापली गाडी जुंपून दारात हजर झाले.

"माझ्या गाडीतनं नेऊ. उशीर झाला तर इष चढंल," रखमाजी म्हणाला.

"तुमच्या गाडीच्या हिसक्यांनीच इष चढंल. माझ्या गाडीत घाला," भिवाजी म्हणाला.

दोघांचंही खरं होतं, हीच तर पंचाईत.

ओट्यावर पडलेली सगुणा क्षीण आवाजात म्हणाली, "आबा, मामंजी, कोंचीबी चालंल. पर निघा."

पण माघार कोणी घ्यायची? शेवटी रखमाजीने तोड काढली. "चाकं माझी, साटा तुमचा. येगबी ऱ्हाईल, हिसकंबी बसनार न्हाईत." भिवाजीला ते लगेच पटलं, कारण त्यात कोणीच हरत नव्हतं. दोघांनी घाम गाळून चाकं अडवणाऱ्या खिळी काढल्या आणि रखमाजीची चाकं भिवाजीच्या साट्याला, म्हणजे गाडीच्या धडाला, बसवली. तोवर दिवस कासराभर वर आला. सगुणाने पुन्हा हाक मारली नाही.

जुनं चाक वर्षानुवर्षं आपल्याच आखावर झिजून बसलेलं असतं, परक्या आखावर ते डगमगतं. जन्मभर गाड्या हाकणाऱ्या त्या दोघांना हे नेमकं त्याच दिवशी आठवलं नाही. अर्ध्या घाटात खीळ तुटली आणि चाक निखळून दरीत गेलं.

दोघा म्हाताऱ्यांनी पोरीला आळीपाळीने पाठीवर घेतलं आणि धापा टाकत चढ चढले. वैद्याच्या अंगणात पोचले तेव्हा भिवाजीच्या खांद्यावरून तिचा हात नुसता लोंबत होता. वैद्याने नाडी पाहिली आणि मान खाली घातली.

तेरावा झाल्यावर गावचा म्हातारा सुतार भेटायला आला. दोन्ही गाड्या त्याच्याच हातच्या.

रखमाजीने विचारलं, "दादा, खरं सांगा. कुनाची गाडी न्यायला पायजे हुती?"

सुताराने दोघांच्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाला, "कुनाचीबी. दोन्ही पोचल्या असत्या, बाबांनो."

ते ऐकून दोघे व्याही एकमेकांच्या गळ्यात पडून लहान मुलांसारखे रडले. पुढे पारावर गाड्यांचा विषय कधी निघाला नाही. रखमाजीची बिनचाकांची गाडी भिवाजीच्या दारात तशीच पडून राहिली.

बोध: आपलं माणूस वाट पाहत असताना कोणतं साधन सरस याचा वाद घालू नये, हाताशी असेल ते घेऊन निघावं.