येसूचा कान

ठण्ण.

ऐनाच्या तुळईवर मोगरी पडली की असा आवाज येतो. जड, आणि जरा उशिरा येणारा. माजघरातल्या माणसाला हाक मारावी आणि त्याने आतूनच ओ द्यावी, तसा. धाकू मेस्त्रीने तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो बापाने वाकसाने तासलेल्या लाकडाच्या ढलप्या गोळा करण्याएवढा होता. पुढे उतारवयात त्याच्या कानातून सगळे आवाज एकेक करून गेले, पण हा एक तेवढा राहिला, असे सांगतात. त्या राहिलेल्या आवाजानेच त्याचा घात केला.

तुम्ही आता पऱ्या ओलांडून आलात, त्या साकवाची, त्या लाकडी पुलाची ही गोष्ट. पऱ्या म्हणजे आमचा ओढा. खाली सिमेंटचा पूल होऊन बरीच वर्षे झाली, गाड्या तिकडून जातात. तरी आमची तिवसाडी आणि पलीकडची पैलवाडी मिळून जुनी तुळई थकली की वैशाखात इथे नवी टाकतात. दोन्ही काठांवर काळ्या पडलेल्या लाकडाचा एकेक तुकडा आहे, तो पाहिलात ना? पाहुण्यांना वाटते, बसायला ठेवलाय. गावातले कोणी त्यावर बसत नाही. पैलवाडीकडच्या तुकड्यावर एक बाई बसते, तीही फक्त तुळई पारखायच्या दिवशी.

धाकू मेस्त्रीची पारख कानाची होती. साल काढलेला ओंडका समोर ठेवा, त्याने खैराच्या मोगरीने एक ठोका मारावा आणि झाडाचे नाव सांगावे. नुसते नाव नाही, आत कुठे भेग आहे, कुठे किडीचे घर आहे, तेही. गावात चेष्टा चालायची. हरबा गावकर म्हणायचा, मेस्त्री, एकदा आमच्या डोक्यावर मारून बघा, आत काय आहे ते कळू दे. त्यावर धाकू शांतपणे म्हणायचा, "नको गावकर. सावरीचं लाकूड मी न ठोकता ओळखतो." सावर म्हणजे कापसासारखी भुसभुशीत, ठोका गिळून बसणारी. हरबाच सगळ्यांत मोठ्याने हसायचा.

धाकूला मुलगा नव्हता. बायको लवकर गेली. मागे एक मुलगी, येसू. तिला घरी एकटी कुठे ठेवायची, म्हणून तो तिला कामावर न्यायचा आणि ओंडक्याच्या दुसऱ्या टोकाला बसवायचा. मी मारतो, तू कान लाव, म्हणायचा. अशी ती लाकडे शिकली. साग सरळ बोलतो, जसा बाहेर तसा आत, आणि अंगच्या तेलामुळे वाळवी त्याला तोंड लावत नाही. फणसाचा आवाज गोड, म्हणून त्याचा मृदंग होतो. शिवण हलकी, पण भिजून वाळली तरी वाकडी होत नाही, म्हणून पाळणा शिवणीचा. धामण वाकते पण मोडत नाही, कुऱ्हाडीचा दांडा आणि कावड तिची. जांभूळ पाण्यात कुजत नाही, ते विहिरीच्या तळाला घालावे. आंबा कुठेही मिळतो, कीडही त्याला लगेच मिळते. आंब्याविषयी धाकू एवढेच म्हणायचा, की तो शेवटी आपल्याबरोबर येतो.

ऐनाचे मात्र तिला पुन्हा पुन्हा सांगे. ऐनासारखे ओझे दुसरे कोणी पेलत नाही, साकवाला ऐनच हवा. पण त्याच्या पोटात पाणी असते. फांदी मोडली की तिथून पाऊस आत उतरतो, वरून साल मिटून जाते आणि गाभा आतल्या आत कुजत राहतो. डोळ्याला दिसत नाही. ऐन ठोकल्याशिवाय घ्यायचा नाही.

वाकसाचे आणि मोगरीचे घाव खाऊन खाऊन धाकूचे कान पन्नाशीतच उतरू लागले. हे फक्त येसूला कळले. ती कोणाला बोलली नाही, बापालाही नाही. पुढे दोघांत एक खूण ठरून गेली, कोणी ठरवली नव्हती तरी. धाकू ठोका मारी आणि तिच्याकडे बघे. लाकूड निकोप असले तर ती त्यावर तळहात ठेवी. नसले तर काही न बोलता उठून पाणी आणायला निघून जाई. मग धाकू लोकांना सांगे, हे नको, दुसरे आणा. चार वर्षे गाव म्हणत राहिले, मेस्त्रीसारखा कान पंचक्रोशीत नाही.

मग येसूचे लग्न झाले. फार लांब नाही, पऱ्याच्या पलीकडे, पैलवाडीतच. धाकूने शिवणीचा पाट करून दिला, आणि पाठवणीच्या वेळी पुष्कळ रडला म्हणे. लोकांना वाटले, बापच तो, रडणारच.

त्यानंतर दोन वर्षे त्याने नजरेवर, वजनावर आणि वासावर काम भागवले. दाराच्या चौकटी, नांगर, पाट. त्यात निभावले. तिसऱ्या वर्षी साकवाची तुळई थकली.

पैलवाडीच्या वरच्या रानात एक मोठा ऐन होता, तो पाडला. धाकूने पलीकडच्या काठावरच तो तासून चौरस केला. दोन्ही टोके निकोप, रंग चांगला, मधोमध एक जुनी गाठ. उचलून बघितला तर भरपूर जड. धाकूला बरे वाटले. जड ऐन म्हणजे भरलेला ऐन. पण तो कशाने भरला होता, हे वजन सांगत नाही.

पारखायच्या दिवशी दोन्ही वाड्या जमल्या. धाकूने मोगरी उचलली तेव्हा गर्दीतून येसू पुढे आली आणि लहानपणी बसायची तशी तुळईच्या दुसऱ्या टोकाला बसून तिने कान लावला. बायका हसल्या, की लग्न झाले तरी मेस्त्र्याची पोर लाकडाला चिकटलेलीच. धाकूने गाठीजवळ ठोका मारला, आणि त्याच्या कानात आवाज आला. ठण्ण. जड, उशिरा येणारा, अगदी बापाच्या वेळचा. तो आवाज तुळईतून आला की इतक्या वर्षांपूर्वीचा होता, हे त्याचे त्यालाही कळले नाही, असे सांगतात.

येसूने हात ठेवला नाही. ती उठली आणि घराकडे निघून गेली.

धाकू बराच वेळ तिच्या पाठीकडे बघत राहिला. खूण तर त्याला समजली होती. हरबा गावकराने विचारले, काय म्हणते लाकूड? आणि इतकी माणसे तोंडाकडे बघत असताना धाकू म्हणाला, "बरं आहे. टाका."

दुसऱ्या दिवशी येसू बापाकडे आली. त्याच्या समोर बसून, त्याला ओठ दिसतील असे सावकाश म्हणाली, "आबा, मध्ये पोकळ आहे ती. अजून उतरवता येईल."

"मी ऐकलंय," धाकू म्हणाला.

"आबा."

"चाळीस वर्षं लाकडं ठोकतोय, बाय. तुझा कान आता पैलवाडीचा झाला."

येसूने त्याच्यासाठी आणलेले फणसाचे गरे तिथेच ठेवले आणि ती गेली. गावात जाऊन सांगावे तर बापाचे कान गेलेत हे आधी सांगावे लागणार. ते तिच्याने झाले नाही. बोट दाखवून नावे ठेवणे आपल्याला सोपे आहे, पण लेकीच्या जागी बसून पाहावे. ती एवढेच करी, की त्या पावसात साकवाच्या तोंडाशी कोणी दिसले तर त्याला अडवी. जोडीने जाऊ नका, डोईवर भारा घेऊन जाऊ नका. लोक म्हणत, साकव बापाचा आणि पहारा लेकीचा. ती स्वतः दोन कोस वळसा घालून, खाली पऱ्याला उतार होता तिथून पाण्यातून चालत माहेरी येई.

श्रावणात धाकूला ताप भरला. येसूला निरोप मिळाला तेव्हा पऱ्या दोन्ही काठ भरून चालला होता आणि खालचा उतार पाण्याखाली होता. सासू म्हणाली, उद्या जा. येसू म्हणाली, आबांना पाणी द्यायला घरात कोणी नाही. तिने काढ्याचा तांब्या घेतला आणि सांगितले, "मी एकटीच आहे, ओझंही नाही. हळू जाईन."

ती अर्ध्यावर पोचली होती.

कडाका सगळ्या गावाने ऐकला. वरच्या वाडीत गुरे दावी तोडू लागली म्हणे. धाकूचे घर पऱ्याला लागून, सगळ्यांत जवळचे. तो खाटेवर पडून उघड्या दारातून बाहेर बघत होता. माणसे धावत गेलेली त्याला दिसली. मग आणखी माणसे. एका बाईला त्याने हाताने थांबवून विचारले, काय झाले? तिचे ओठ हलले ते त्याला समजले नाहीत. की समजले आणि पुन्हा विचारावेसे वाटले, कोण जाणे.

येसू खालच्या वळणावर सापडली. सरण आंब्याचे होते. ओले होते, ते फार तडतडले. लोकांनी तोंडे फिरवली. धाकू एकटा त्याच्याकडे बघत उभा राहिला, त्याला ते ऐकू येत नव्हते.

तेराव्या दिवशी तो काठावर आला. मोडलेली तुळई लोकांनी ओढून काढली होती. दोन्ही टोके निकोप, गाभ्यात मध्ये हात जाईल एवढी कुज. त्याने लोकांना ती कुज दाखवली आणि म्हणाला, "पाण्यानं नाही मोडला साकव. माझे कान सहा वर्षांपूर्वी गेले. येसूनं मला दोनदा सांगितलं. मी तुमच्याशी खोटं बोललो."

हरबा गावकराने खाली बसून त्या कुजक्यात हात घातला आणि बराच वेळ काढला नाही.

मग धाकूने मोगरी देवळात नेऊन ठेवली आणि दोन्ही वाड्यांकडून शब्द मागितला. इथून पुढे मेस्त्र्याने एकट्याने तुळई पारखायची नाही. ठोका त्याने मारावा, कान पैलवाडीच्या बाईने लावावा. लेक असो की सून. तिने हात ठेवला तर तुळई टाकायची. ती उठून गेली तर ते लाकूड कितीही देखणे असो, साकवाला लावायचे नाही. तिला कारण विचारायचे नाही आणि तिच्याकडून वदवून घ्यायचे नाही. तुळईची निकोप टोके कापून त्याने दोन्ही काठांवर बसवली. ते त्याचे शेवटचे काम. ऐन पावसापाण्याने काळा पडतो, पण टिकतो.

आजही पारखायच्या दिवशी बैलांच्या गळ्यातल्या घंटा काढून ठेवतात, लहान पोरांना घरात घेतात, आणि देवळातली मोगरी बाहेर येते. या वैशाखात आणलेला ऐन पैलवाडीच्या शंकर घाणेकरांच्या रानातला होता. त्यांनी आपल्या हाताने तीस वर्षे राखलेला, त्यांच्याच बैलांनी ओढून आणलेला. कान लावायला त्यांचीच सून बसली, शेवंता, लग्नाला दोन वर्षे झालेली. सासरा समोर उभा होता. मेस्त्र्याने ठोका मारला. शेवंताने डोळे मिटले आणि बोट वर केले, म्हणजे पुन्हा मारा. पुन्हा मारला. सगळे तिच्या हाताकडे बघत होते.

तिने पदर सावरला, सासऱ्याच्या बाजूने वाट काढली, आणि काही न बोलता घराकडे चालू लागली.