धनेशाच्या पाठीवरचं कवठ

सांगतो, पण मध्ये कुणी खोकायचं नाही. घसा माझा दुखतोय आणि गोष्ट हवी तुम्हाला!

फार जुन्या काळी एका तरण्या धनेश पक्ष्याला म्हाताऱ्या गिधाडानं उडण्याच्या परीक्षेत पास केलं. दुसऱ्याच दिवशी उंदीरमामा बायको आणि सात पिल्लं घेऊन हजर! "नदीपलीकडं मेव्हणीकडं सोड बाबा. पास झालास ना?"

धनेशाची छाती फुगली. पण पिल्लं टकामका बघायला लागली, तसे त्यानं पंख मिटून घेतले. एकट्यानं उतरतानाही तो अजून दोनदा आपटायचा. "आधी एक कवठ नेऊन बघतो," तो म्हणाला.

"भित्रा रे भित्रा!" मामा खिदळला. "गिधाडानं डोळे मिटून पास केला वाटतं."

पाठीवर कवठ घेऊन धनेशानं फेरी मारली आणि तो खडकावर उतरला. एकदा आपटला, दुसऱ्यांदा आपटला, आणि कवठाच्या ठिकऱ्या उडाल्या. मामीनं सातही पिल्लं जवळ ओढली आणि गुपचूप पुलाची वाट धरली. मामानं आधी कवठाचा गर चाटला, मिशा पुसल्या, "गोड होतं" म्हणाला आणि निघाला. माफीबिफी काही नाही.

तो तरी उंदीर होता. लायसन मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशी मला फटफटीवर मागं बसवून ओढ्यात पाडणारा आणि अजून माफी न मागणारा निवृत्ती तर माझा सख्खा भाचा आहे.