खिडकीकडचा कोपरा

"खाली काय आहे?" इलाही उस्तादांनी विचारलं.

"खाली म्हणजे?"

"पुट्टीच्या खाली."

"भिंत आहे, उस्ताद. दुसरं काय असणार?" निवास हसला.

उस्ताद हसले नाहीत.

निवासनं नऊ वर्षं त्यांच्या हाताखाली गिलावा केला होता. आता तो स्वतःची कामं घेत होता. कवठीवाडीच्या अंगणवाडीची ही जुनी खोली त्यानं चार दिवसांत इतकी गुळगुळीत केली होती, की बघणाऱ्यानं सहज हात फिरवून बघावा. सोमवारपासून इथं पोरं बसणार होती. त्याआधी उस्तादांची शाबासकी मिळावी, म्हणून तो त्यांना गाडीवर बसवून घेऊन आला होता.

उस्तादांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. भिंतीची सफाई त्यांना दिसणार नव्हती. ते बोटांनी भिंत वाजवत चालले होते.

टक... टक... टक.

"ही बोर्डाची दिसते."

"हो. आडभिंत नवीन घातलीय, जिप्समची."

"जोडांवर जाळीची पट्टी?"

"लावली."

"जुन्या भिंतीवरचा चुना?"

"खरवडला. धूळ झाडली. पाणी मारलं."

उस्तादांनी काठी उचलली आणि छत वाजवायला सुरुवात केली. दारापासून खिडकीपर्यंत. खिडकीकडच्या कोपऱ्यात काठी जरा थांबली... आणि खाली आली.

"फुगलेला गिलावा?"

निवास खाली बघत हातावरची भुकटी झटकायला लागला.

"काढला."

"सगळा?"

"सगळा, उस्ताद."

"बरं झालं," उस्ताद म्हणाले. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल झटकला, खिडकीकडच्या कोपऱ्यात अंथरला आणि त्यावर मांडी घालून बसले.

निवास एक पाऊल पुढं आला.

छताचा तो कोपरा पहिल्याच दिवशी त्याला कळला होता. हातोडीचा दांडा लागला तेव्हा आतून आवाज आला होता, रिकाम्या डब्यासारखा. एक टवका काढावा तर सगळा कोपरा हातात येईल, आत सळई गंजलेली निघेल, काम पंधरा दिवस लांबेल... त्यानं दांडा खाली ठेवला होता. वरून पुट्टीचे दोन हात मारले होते. दुसऱ्या दिवशी तर त्यानं तिकडं बघितलंही नव्हतं.

"उस्ताद, बाहेर बसू. झाडाखाली सावली आहे."

"इथं बरं आहे."

"चहा सांगतो. चौकात जाऊ."

"इथंच आण."

निवास जागचा हलला नाही. त्याची नजर वर गेली. पांढऱ्याशुभ्र पुट्टीवर केसाएवढी एक रेघ होती. सकाळी होती का ती? त्याला आठवेना.

"उकडतंय," उस्ताद म्हणाले. "पंखा लाव."

छताच्या मधोमध जुना जड पंखा होता. तो फिरला की सगळी खोली थरथरायची. निवास बटणापाशी गेला. त्यानं बोट ठेवलं... बोट दाबलं जाईना.

"काय झालं? लाईट नाही?"

"आहे."

"मग?"

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. निवासला वरून काहीतरी सुटल्याचा भास झाला. पुट्टीचा एक बारीक कण उस्तादांच्या टोपीवर येऊन पडला. उस्तादांना तो कळला की नाही, कोण जाणे.

"उस्ताद, उठा."

"का?"

"उठा म्हणतो ना..." त्याचा आवाज फाटला. "वर पोकळ आहे. मी काढलं नाही. तसंच झाकलं."

उस्ताद उठले नाहीत. निवासनं धावत जाऊन त्यांच्या काखेत हात घातला आणि म्हाताऱ्याला जवळजवळ उचलूनच दाराबाहेर नेलं. हाताला त्यांची पाठ लागली. सदरा घामानं चिंब झाला होता.

मग तो परत आत गेला. लांब पहार घेतली, भिंतीला चिकटून उभा राहिला आणि कोपऱ्यात एकदाच हाणली.

दुसऱ्यांदा हाणायची गरज पडली नाही.

धुरळा खाली बसला तेव्हा टॉवेल दिसत नव्हता. त्यावर पाटाएवढे जाड तुकडे पडले होते. वर लालभडक गंजलेल्या सळया उघड्या पडल्या होत्या. निवासला त्या जागी लहान लहान पोरं दिसायला लागली. तो तसाच बाहेर आला आणि पायरीवर बसला. त्याच्या केसांत, पापण्यांत पांढरी भुकटी होती.



"उस्ताद," तो म्हणाला, "माझे हात थांबेनात. बघा कसे कापतायत. ह्या हातांनी आता काय काम होणार?"

उस्तादांनी चाचपडत त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. थोडा वेळ तसेच धरून ठेवले.

"कापतायत तोवर बाकीचं छत वाजवून घे."