बॅटवरची गुंडाळी

एकदा एका वृद्ध कारागिराने आपल्याच शिष्येच्या बॅटवर चाकू चालवला, आणि तोही निवडचाचणीला आठ दिवस उरले असताना. गावातल्या शहाण्या माणसांनी त्याला म्हातारचळ लागल्याचे जाहीर केले. शहाण्या माणसांना निकाल देण्याची फार घाई असते. कारण विचारायला मात्र त्यांना सवड नसते.

हा वृद्ध जातीचा कसबी कातारी होता. लाकूड गरगर फिरवत ठेवायचे आणि पटाशी लावून त्याला गोलाई द्यायची, हा त्याचा धंदा. उभे आयुष्य त्याने लाटणी, पाळण्याचे खांब आणि कुदळींचे दांडे घडवले. पंचवीस वर्षांपूर्वी गावच्या शाळेतल्या एका मास्तरांनी मुलींना बेसबॉल शिकवायला घेतला, तेव्हा बॅटी कुठून आणायच्या हा प्रश्न पडला. कातारी म्हणाला, "चित्र दाखवा." पंधरा दिवसांनी त्याने धामणीच्या लाकडाच्या चार बॅटी मास्तरांसमोर ठेवल्या. धामण काटक आणि लवचीक. पूर्वी तिची धनुष्ये होत. पुढे मास्तर वारले. कातारी मैदानावरच राहिला आणि सगळ्या मुलींचा 'नाना' झाला.

गावात हिरवळीचे मैदान क्रिकेट खेळणाऱ्या मुलांचे होते आणि भिंतीपलीकडची मुरमाड जागा मुलींची. त्या मुरमावरून सात मुली राज्याच्या संघात गेल्या होत्या. हा आकडा गावाला ठाऊक नव्हता. मुलींना तो तोंडपाठ होता.

आठवी आपण व्हायचे, असे चैतालीने ठरवले होते. दोनदा तिला निवडीतून परत पाठवले गेले. या वर्षानंतर वयाच्या अटीत ती बसणार नव्हती, आणि राज्याच्या संघात उरली होती एकच जागा.

अशा वेळी नाना डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी लेकीकडे गेले ते तीन महिने परतलेच नाहीत. मागे राहिले ते गावच्या मुलींच्या संघाचे अध्यक्ष. हे गावातले खेळाच्या सामानाचे व्यापारी. सगळे त्यांना शेठ म्हणत. माणूस वाईट नव्हता. चेंडू लागला की चैतालीचे तळहात झिणझिणतात, हे त्यांनी पाहिले आणि दुकानातली जाड रबरी पट्टी आणून दिली.

"अगं, हातांना का छळतेस? ही गुंडाळ. गादीवर हात ठेवल्यासारखं वाटेल."

तसेच वाटले. तिने आधी सायकलच्या ट्यूबच्या चिंध्या गुंडाळल्या, त्यावर शेठची पट्टी, त्यावर आणखी एक. झिणझिण्या थांबल्या. मात्र चेंडूही थांबला! पूर्वी भिंतीपर्यंत जाणारा तिचा फटका आता अर्ध्या मैदानात मरू लागला. तिने जोर वाढवला, दंड काढले, पहाटे धावली. चेंडू तिथेच.

शेठ मान हलवून म्हणाले, "बाईमाणसाच्या मनगटात बळ असून असून किती असणार? ते काय दुकानात मिळत नाही."

हे वाक्य चैतालीने मुकाट गिळले. मुरमावर खेळणाऱ्या प्रत्येक मुलीने ते कधी ना कधी गिळलेले होते.

आठ दिवस उरले असताना नाना परतले. डोळ्यांवर हिरवा चष्मा, हातात थैली. त्यांनी तिचे दहा फटके पाहिले. मग हात पुढे करून बॅट मागितली, थैलीतून चाकू काढला आणि मुठीवरची गुंडाळी थराथराने कापून काढली. खाली तीन महिन्यांत ऊन न लागलेले फिकट लाकूड उघडे पडले.

"नाना! काय केलंत हे? आठ दिवस राहिलेत!"

"म्हणून तर धार लावून आणला. मार आता."

पहिल्याच फटक्याला तळहातापासून कोपरापर्यंत वीज गेली. दुसऱ्याला पुन्हा. पाचव्याला तिने बॅट मुरमावर फेकली.

"शेठनी हात वाचवले आणि तुम्ही मोडताय! माझं शेवटचं वर्ष आहे, नाना. हसू होईल माझं."

"झालं रडून? उचल ती. धामण आहे ती, तिला मातीत टाकायचं नाही."

तिने उचलली. नानांनी तिला दगडावर बसवले. "डोळे मीट. मुठीच्या टोकाशी दोन बोटांत धर, अगदी हलकी. लोंबू दे." थैलीतून त्यांनी छोटा लाकडी हातोडा काढला आणि मुठीकडून खाली ठोके देत निघाले.

"बोटांना काय कळतं?"

"थरथर."

"आता?"

"थरथर. पण कमी झाली."

"आता?"

तिने बोटे आणखी सैल केली. "पुन्हा मारा."

त्यांनी पुन्हा मारला. आवाज खणखणीत आला.

"बोटांपर्यंत काहीच आलं नाही, नाना."

तिने डोळे उघडले. हातोडा बॅटच्या जाड टोकापासून वीतभराच्या किंचित आत टेकलेला होता.

नाना म्हणाले, "दांडा कुठलाही असो, ठोका बसला की तो थरारतो. कुदळीचा असो नाहीतर बॅटचा. पण त्या सगळ्या थरारात एक जागा शांत राहते. तिथे चेंडू लागला तर लाकडाच्या थरथरण्यात काही वाया जात नाही. सगळं चेंडूबरोबर जातं. इकडे तिकडे लागला की तुझीच ताकद झिणझिण्या होऊन तुझ्या हातात परत येते. तुझं मनगट कमी पडलेलं नाही, पोरी. तीन महिने तू चेंडू मुठीच्या अंगाला घेते आहेस, आणि तुला ते कळलं नाही. कारण सांगणाऱ्याचंच तोंड तू बांधून ठेवलंस."

चैताली अजून धुमसत होती. "पण झिणझिणी कळेपर्यंत चेंडू गेलेला असतो. मग ती कळून उपयोग काय?"

नाना पहिल्यांदा हसले. "बरोबर बोललीस. चेंडू बॅटला टेकतो तो वेळ पापणी लवण्यापेक्षाही किती तरी कमी. तेवढ्यात कुणालाच काही सुधारता येत नाही, मग तो केवढाही मोठा खेळाडू असो. झाला तो फटका झाला. झिणझिणी पुढच्या फटक्यासाठी असते."

"मग मी उभी कुठे राहू? पुढे की मागे?"

"मला काय विचारतेस? हाताला विचार."

आठ दिवस तिने हाताला विचारले. मुठीच्या अंगाला झोंबले की दोन बोटे मागे. टोकाकडे झोंबले की एक बोट पुढे. तळहात सोलले, त्यावर हळद लागली, पण प्रत्येक फटका तिला काही तरी सांगून जाऊ लागला.

चाचणीच्या दिवशी शेठ खुर्ची टाकून बसले होते. उघडी बॅट पाहून ते मोठ्याने म्हणाले, "नानांनी बॅटीचे कपडे उतरवले वाटतं! हातांची सालं निघतील गं."

"निघू द्या शेठ. माझेच आहेत."

प्रत्येकीला दहा चेंडू होते. चेंडू टाकायला शहरातून आलेली पिचर तगडी होती. तिचा चेंडू हातातून निघताना भिरभिरत असे आणि शेवटच्या क्षणी अंगाकडे वळे. पहिला चेंडू मुठीजवळ लागला, कोपर सुन्न झाले. चैताली दोन बोटे मागे सरकली. दुसरा टोकावर लागला. ती एक बोट पुढे आली.

तिसऱ्याला तिच्या हातांना काहीच कळले नाही. जणू चेंडू आलाच नव्हता. फक्त एक खणखणीत आवाज झाला आणि दूर उभ्या खेळाडू पाठ फिरवून धावू लागल्या. भिंतीपलीकडच्या हिरवळीवर मुलांचा क्रिकेटचा डाव थांबला. एक चेंडू आभाळातून त्यांच्या खेळपट्टीवर येऊन पडला होता.

चैताली आपल्या हातांकडे पाहत उभी होती.

निवड समितीच्या बाई म्हणाल्या, "अगं, कुठे गेला ते बघितलंस तरी का?"

"नाही, बाई. पण हाताला काही लागलं नाही. म्हणजे लांब गेला असणार."

उरलेल्या सातांपैकी पाच त्याच वाटेने गेले. बाईंनी चैतालीचे नाव लिहून संघाची यादी पूर्ण केली.

शेठ मोठ्या मनाने उठून आले. "शाब्बास! आठ दिवसांत बरीच ताकद आली हं मनगटात."

नानांनी चष्मा पुसत म्हटले, "ताकद होतीच, शेठ. तुमच्या गादीवर झोपली होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी चैताली चाकू घेऊन मुरमावर बसली होती आणि बाकीच्या मुली आपापल्या गुंडाळलेल्या बॅटी तिच्यापुढे ठेवत होत्या. एकीने विचारले, "ताई, हाताला लागेल ना गं?"

"लागेल. कुठे लागलं तेवढं नीट ऐक."

ज्यांना आपल्या चुकांची झिणझिणी सोसत नाही, त्यांनी खुशाल गुंडाळ्या बांधाव्यात. फक्त चेंडू जवळ पडला की दुसऱ्याच्या मनगटाला बोल लावू नये.