साच्याला लावलेला गाल

फार फार मागची गोष्ट. एका राज्यातल्या साऱ्या घंटा तेव्हा एकाच ओतशाळेत ओतल्या जात.

त्या ओतशाळेची एक रीत होती. मातीच्या साच्यात धातूचा रस ओतण्याआधी कुणालाही खोट दिसली, की त्याने ‘थांबा’ म्हणायचे आणि सगळ्यांनी हात आवरायचे. अगदी नाईकानेसुद्धा.

नाईक म्हणजे तिथला मुख्य कारागीर. हाताने हुशार, मनाने मात्र कोता. साचे घडवायला एक म्हातारी होती. ती साच्याला गाल लावून बघे आणि आत ओल असली तर तिला बरोबर कळे. ओल्या साच्यात ओतलेली घंटा हमखास तडके. त्यामुळे नाईक ‘ओता’ म्हणाला, तरी माणसे आधी म्हातारीकडे बघत. ती मान हलवी, मगच हात हलत.

नाईकाचा नुसता जळफळाट होई. नाईक मी आणि मान हिला? जेवताना घास गोड लागेना त्याला.

एक दिवस म्हातारी म्हणाली, “थांबा! नाईका, साचा अजून ओला आहे रे.”

तिचे खरे होते. म्हणूनच ते त्याला जास्त झोंबले.

“पुरे झाला तुमचा शहाणपणा! उद्यापासून बाहेर बसून माती चाळा. आणि इथे ‘थांबा’ फक्त मी म्हणणार.”

“पण नाईक, आजींचं बरोबर आहे...” भट्टीवरचा कारागीर म्हणाला. त्यालाही नाईकाने राख उपसायला धाडले.

मग नाईक ‘ओता’ म्हणाला, की सगळ्यांचे हात लगेच हलू लागले. आता कुठे आपल्याला मान मिळू लागला, असे नाईकाला वाटले. जळणाऱ्या माणसाला भीतीसुद्धा मानासारखीच दिसते, काय करणार!

पुढे राजाने वेशीसाठी मोठी घंटा सांगितली. पूर आला की तिने सारे खोरे सावध करायचे. घंटा बिघडली तर नाईकपण जाणार होते.

ओतायच्या दिवशी नाईकाने गुपचूप साच्याला गाल लावला. हा गारवा ओलीचा, की मातीचाच? त्याला काही उमजेना. दहा पावलांवर म्हातारी माती चाळत होती. पण तिला विचारायला जीभ रेटेना.

“सगळं ठीक आहे ना?” त्याने माणसांना विचारले.

“तुम्ही म्हणाल तसं, नाईक.”

“ओता!”

साच्यात रस खदखदला. राजासमोर पहिला टोल पडला, तेव्हा ‘थप्प’ असा आवाज आला आणि घंटेला तडा गेला.

“एकालाही कळलं नाही?” नाईक ओरडला.

“कळलं होतं,” राख उपसणारा म्हणाला. “साच्याच्या तोंडाशी वाफ दिसत होती.”

“मग बोलला का नाहीस?”

“‘थांबा’ म्हणायचं काम तुमचं होतं, नाईक.”

राजाने नाईकपण म्हातारीला दिले आणि तिने ‘थांबा’ची जुनी रीत परत आणली. माती चाळायची चाळणी आता जुन्या नाईकाच्या हाती आली.

काही महिन्यांनी, ओतायची वेळ झालेली असताना, चाळलेली माती आत नेताना त्याला साच्यावर केसासारखी चीर दिसली. त्याला बोलायची लाज वाटली. तरी तो चाचरत म्हणाला, “थांबा.”

सगळे हात जागच्या जागी थांबले. म्हातारी उठली, चीर बघून म्हणाली, “बरं झालं बोललास.”

तो चाळणीत तोंड खुपसून रडला.

तात्पर्य: जो हाताखालच्यांचे तोंड बंद करतो, त्याला बुडताना सावध करायला कुणीच उरत नाही.